दोनदा न टोचणाऱ्या विनताताई

सिविल लाइंसमधल्या एका खासगी लॅबमध्ये विनताताई देवगडे तीस वर्षं रक्त काढत होत्या, आणि तीस वर्षांत त्यांनी एकाही पेशंटला दोनदा टोचलं नव्हतं. हे त्या स्वतःच सांगत, येता-जाता सांगत, आणि ऐकणाऱ्यानं मान डोलावली नाही तर पुन्हा सांगत. खोटं काही नव्हतं हो त्यात! म्हाताऱ्यांच्या दडून बसलेल्या शिरासुद्धा बाईंच्या बोटाला लगेच सापडायच्या. पार भेडाघाटहून आलेली माणसं "दीदीच पाहिजेत" म्हणून ताटकळत बसायची.

मग दरवर्षीचं ते दोन दिवसांचं ट्रेनिंग त्यांना कशाला हवं? त्या मागच्या रांगेत बसायच्या नि सही ठोकून मोकळ्या व्हायच्या. एकदा तर चक्क पिशवीतून मेथी काढून निवडली बाईंनी.

यंदा शिकवायला आली प्रणोती. तिच्या हातात पहिली सुई विनताताईंनीच दिलेली. तिनं सगळ्यांना एकमेकांचं रक्त काढायला लावलं, रोज काढता तसंच काढा म्हणाली. दोन नळ्या, एक लाल टोपणाची, एक जांभळ्या टोपणाची. विनताताईंच्या वाट्याला काउंटरवरचा अच्युत आला. लाल नळी जराशी कमी भरली. पुन्हा टोचायचं? छे! बाईंनी सवयीप्रमाणे जांभळीतलं थोडं रक्त लालमध्ये ओतलं. माणूस तोच, रक्त तेच, बिघडतंय काय!

तासाभरानं रिपोर्ट आला. अच्युतचं पोटॅशियम नऊ. एवढं असलं तर हृदय कधीही बंद पडेल, असं प्रणोती सांगत होती आणि अच्युत समोर पोह्यांची दुसरी प्लेट संपवत होता. सगळे हसले. मशीन बिघडलं म्हणाले, नेहमीसारखंच. प्रणोतीनं मात्र सांगितलं, की जांभळ्या नळीत रक्त गोठू नये म्हणून जे औषध असतं त्यातच पोटॅशियम असतं. ते रक्त जरासं लालमध्ये गेलं तरी रिपोर्ट खोटा येतो.

मागच्या वर्षी असाच आकडा पाहून एका आजोबांना धावतपळत भरती केलं होतं, आणि दुसऱ्या दिवशी सगळं नॉर्मल. तेव्हाही शिव्या मशीनलाच पडल्या होत्या. त्या आजोबांचं रक्त कोणी काढलं होतं, हे बाईंना पक्कं आठवत होतं. अच्युतनं ओतताना पाहिलं होतं, पण तो बिचारा खाली मान घालून पोहे खात राहिला. गप्प बसल्या असत्या तर तीस वर्षांचं नाव शाबूत राहिलं असतं. लाज तर अशी वाटली, की कान तापले.

त्या उठून उभ्या राहिल्या.

"मशीन ठीक आहे. मीच ओतलं. कमी पडलं की नेहमीच ओतत आली मी. काहून ओतायचं नाही, ते आज समजलं."

प्रणोतीनं उठून खुर्ची पुढे ओढून दिली. पण बाई बसल्या नाहीत. दंडाला बांधायचा पट्टा घेऊन त्या अच्युतकडे गेल्या, त्याची माफी मागितली आणि दुसरा हात पुढे करायला सांगितला. तीस वर्षांत पहिल्यांदाच विनताताईंनी एकाच माणसाला दोनदा टोचलं. पोटॅशियम चार आलं, आणि त्यांना इतकं हलकं वाटलं, की उरलेले पोहे त्यांनीच खाल्ले.

आता त्या नव्या मुलींना पहिल्याच दिवशी ही गोष्ट सांगतात, आजोबांसकट. ट्रेनिंगला पहिल्या रांगेत बसतात. मेथी घरीच निवडतात.