साहेब म्हणाले, करून टाक

आधी चाचांचं सांगतो, मग बाकीचं. चाचा म्हणजे अमरावतीला विद्यापीठातल्या एका विभागाच्या कॉम्प्युटर लॅबचे शिपाई. विभाग कोणता ते सांगणार नाही. राहायचे अकोल्याला, रोज सकाळच्या गाडीनं अप-डाऊन. लॅबच्या किल्ल्यांचा जुडगा त्यांच्या कमरेला. मी नववीत शाळा सोडलेला माणूस. मला त्यांनी गाडीत सरकून जागा दिली, डब्यातली अर्धी पोळी दिली, आणि ज्या दिवशी माझ्या बाजूनं बोलायला कोणी नव्हतं त्या दिवशी ते बोलले. आज मी गावापासून दोन दिवसांच्या प्रवासावर, परक्या मुलखात बसून हे लिहितो आहे. इथे मला लोक नावानं हाक मारतात, याचं मूळ त्या बोलण्यात आहे.

माझं गाव पातूरच्या पलीकडे. त्या वर्षांत आमच्याकडे शाळा सोडणाऱ्याला कोणी कारण विचारत नसे. मास्तर हजेरीपटावर रेघ मारायचे आणि पुढचं नाव घ्यायचे. मी अकोल्यात जठारपेठेतल्या एका कॉम्प्युटरच्या दुकानात लागलो. आधी खोकी उचलली, मग पंखे साफ केले, मग पाहून पाहून मशीन उघडायला शिकलो. तेविसाव्या वर्षी दुकानातलं सगळ्यात कटकटीचं काम माझ्याकडे यायला लागलं. झोपायला दुकानाचाच माळा होता. काम गेलं तर माळाही जाईल, ही धास्ती कायम पोटात असायची. साधा स्क्रू बसवला तरी मी दोनदा तपासायचो.

विद्यापीठाचं काम आमच्या दुकानाला मिळालं तेव्हा मालकांनी मलाच धाडलं. बेचाळीस मशीन. जो येईल तो रिकाम्या जागी बसणार, आपली पेन ड्राइव्ह खुपसणार. एकाला व्हायरस लागला की आठवड्यात सगळी आजारी. सगळ्यांवर नव्यानं विंडोज टाकायचं होतं, कारण सोमवारी बाहेरची तपासणी समिती येणार होती.

लॅबच्या साहेबांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "शिक्षण किती बे तुझं?"

"नववी, साहेब."

"पास का नापास?"

"परीक्षेला बसलोच नाही."

समोर बसलेली पोरं हसली. तिथून पुढे साहेबांनी मला नाव ठेवलं. "ए नववी, हा पंखा पाहाय." "नववीले बोलवा रे." चहा सांगायचा तरी, "एक नववीलेही दे." मी मान खाली घालून काम करायचो, पण प्रत्येक हाक मी मोजली आहे. मोजून ठेवायची सवय मला त्या आधी नव्हती.

इतकी मशीन एकेक करून लावत बसलं तर महिना जातो. म्हणून आम्ही एक मशीन नीट तयार करायचो, त्याला मास्टर म्हणायचो, आणि त्याची हुबेहूब नक्कल बाकीच्यांच्या डिस्कवर उतरवायचो. काम झपाट्यानं होतं. फक्त ज्या डिस्कवर नक्कल उतरते तिच्यावरचं आधीचं सगळं पुसून जातं. हे मी साहेबांना आधीच सांगितलं. चाचा तेव्हा टेबलावर चहा ठेवत होते.

"साहेब, पोरांच्या फाइली आहेत आत. दोन दिवस नोटीस लावू. ज्याचं त्याला काढून घेऊ द्या."

"सोमवारी समिती येऊन राहिली अन् तू मले नोटीस शिकवतं काय? करून टाक."

मी परत विचारलं. भित्रा माणूस परत विचारतोच. "सगळं जाईल, साहेब."

"एकदा सांगतलं ना? करून टाक."

त्या दुपारी मी सहा मशीन केली. त्यातलं एक खिडकीजवळचं होतं.

खिडकीजवळ एक संशोधक ताई बसायच्या. चिखलदऱ्याकडच्या कॉफीच्या बागांवर त्यांचं काम होतं. घरोघर हिंडून भरून आणलेली माहिती त्या तिथेच टाइप करायच्या आणि तिथेच ठेवायच्या. पेन ड्राइव्ह व्हायरसनं दोनदा खाल्ली होती, म्हणून त्यांचा विश्वास मशीनवर. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मशीन चालू केलं आणि तशाच उभ्या राहिल्या. रडल्या नाहीत. नुसतं विचारलं, "माझं फोल्डर कुठे आहे?"

साहेब केबिनमधून बाहेर आले, माझ्याकडे बोट केलं आणि भरल्या लॅबमध्ये म्हणाले, "नववीच्या हाती मशीन देल्लं की असंच होते. न विचारता फॉरमॅट मारला यानं." मग सगळ्यांना ऐकू येईल असा आमच्या मालकांना फोन लावला, की हा पोट्टा उद्यापासून नको.

मला माळा दिसत होता, आणि माळ्यावरून खाली फेकलेली माझी वळकटी.

तेव्हा चाचा बोलले. हातात फडकं होतं, ते त्यांनी नीट घडी करून खांद्यावर टाकलं. "मॅडम, झूठ नाई बोलत. या पोरानं दोनदा सांगतलं होतं, की सगळं जाईन. मी इथीसाच चाय ठेवून राहिलो होतो. साहेब म्हनले, करून टाक."

साहेब म्हणाले, "चाचा, तुमी आपलं काम पाहा."

"तेच पाहून राहिलो साहेब. सत्तावीस साल झाले पाहून राहिलो."

तेवढ्यावर ते थांबले नाहीत. संध्याकाळी गाडीतून उतरल्यावर घरी न जाता माझ्याबरोबर जठारपेठेत आले आणि मालकांना उभ्या उभ्या सगळं सांगितलं. मालक माझ्याकडे वळून म्हणाले, "असं हाय तर जा, काम पुरं कर. दुसरा माणूस नाहीच माह्याकडं, साहेबाले तसं सांगतो. पुढचं समिती गेल्यावर पाहू."

दुसऱ्या दिवशी चाचांची बदली झाली. लॅबमधून थेट उत्तरपत्रिकांच्या गोडाऊनमध्ये. तिसरा मजला, दिवसभर गठ्ठे वरखाली. साठीला टेकलेला माणूस, गुडघे कुरकुरणारे. ऑफिसातल्या बाबूनं त्यांना सांगितलं होतं, की समिती जाऊ द्या, साहेबांचा राग उतरला की परत आणू.

नोटीस आता लागली. पोरांनी फाइली काढून घेतल्या. ताईंची डिस्क मी काढून बाजूला ठेवली, तिच्या जागी दुसरी बसवली. पुढे तिच्यातून जमेल तेवढं खरवडून दिलं, बाकीच्यासाठी त्यांना पुन्हा डोंगर चढावा लागला. मग मी नवा मास्टर करायला बसलो. विंडोज टाकताना एका ठिकाणी ते विचारतं, हे मशीन कोणाच्या नावावर? एरवी तिथे मी विभागाचं नाव टाकायचो. त्या दिवशी माझे हात थंडगार होते आणि डोकं त्याहून थंड. मी इंग्रजी अक्षरांत टाइप केलं: साहेब म्हणाले करून टाक. स्पेलिंग दोनदा तपासलं. मग आधीची सहा धरून बेचाळीस ठिकाणी नक्कल उतरवली. प्रत्येक मशीनच्या पडद्यावरची पट्टी शंभरापर्यंत भरताना मी मनात एकेक हाक पुसत होतो. इतकं सुख मला कामात कधी मिळालं नव्हतं.

साहेबांनी मशीन चालू होतात एवढंच पाहिलं. त्यापलीकडे त्यांना काही पाहता येत नव्हतं, हे मला कळून चुकलं होतं.

सोमवारी मशीन अडलं तर असावा म्हणून मला दाराशी उभं केलं होतं. समितीतले एक चष्मेवाले गृहस्थ जाणकार होते. मेमरी किती, वेग किती, ते पाहायला त्यांनी पहिल्या मशीनच्या पडद्यावर माहितीची खिडकी उघडली. मशीन कोणाच्या नावावर तेही त्याच खिडकीत दिसतं. ते थांबले, ओठ हलवत वाचलं. दुसरं मशीन उघडलं. तिसरं.

"हे काय आहे?"

साहेब वाकून पाहायला लागले. त्यांच्या मानेवर घाम फुटलेला मी दारातून पाहिला.

"साहेब म्हणाले करून टाक," गृहस्थांनी मोठ्यानं वाचलं. "कोणते साहेब?"

लॅबमधली पोरं, ताई, ऑफिसचा बाबू, सगळे एकाच माणसाकडे पाहत होते. त्या एका क्षणाचा मला आजही पश्चात्ताप नाही. तो मी पुन्हा पुन्हा काढून पाहतो.

संध्याकाळी मी दुकानात परतलो तेव्हा साहेबांचा मालकांना फोन. मालकांनी स्पीकर लावला. "हे त्या म्हाताऱ्याचंच डोकं होय. त्यानंच शिकवलं. नववीत एवढी अक्कल नाई."

फोन ठेवून मालकांनी मला विचारलं, "खरं काय रे? चाचानं शिकवलं?"

मी जमिनीकडे पाहत राहिलो. हो म्हणालो नाही. नाही सुद्धा म्हणालो नाही. ज्या 'नववी' शब्दानं मला रोज सोललं होतं, त्याच शब्दाच्या आड मी लपलो. माळा वाचला, काम वाचलं. त्या दुकानातच पुढचं सगळं शिकलो आणि इथवर पोचलो.

आठवड्यानं गाडीत चाचा भेटले. मी घाईघाईनं समितीची सगळी गंमत सांगितली. ते खळखळून हसले, डोळे पुसले. मग म्हणाले, "मस्त केलं बेटा. उसका मुंह देखना था. पण आता मले तिथून वापस कोनी आनत नाई."

"मी सांगतो त्यांना, चाचा, की ते माझं होतं."

"काहून? तू जाशील तं दुकानातून जाशील. मी कुठं जातो? दोन सालच तं राहिले."

मी सांगितलं नाही. त्यांनी परवानगी दिली असं धरून चाललो. निवृत्त होईपर्यंत ते त्या जिन्यावरच होते.

साहेबांचं मी फेडलं, पुरेपूर. त्यांचं माझ्याकडे काही उरलेलं नाही. चाचांचं सगळंच उरलं आहे. आता ते अकोल्यातच मुलांकडे असतात असं कळलं. मी त्यांच्या घरी जाईन, मुलांसमोर, नातवांसमोर सांगेन की ते डोकं माझं होतं आणि जिने हे चढले. एवढ्यानं ते फिटायचं नाही, हे मला कळतं. उरलेलंही फेडीन, चाचा. कसं ते अजून माहीत नाही, पण फेडीन.