पीएचडीच्या पाव्हण्याला कांदेपोहे

मी चौथी नापास आहे. तरीपण विद्यापीठात, पीएचडीच्या परीक्षेत, मोठमोठ्या प्रोफेसर लोकांच्या देखत मी एक प्रश्न विचारलेला आहे. तो तिथं अजून कुणी विसरलेलं नाही. (प्रश्न लई खोल होता म्हणून नव्हे.)

सोलापूरच्या भवानी पेठेत माझी पिठाची गिरणी. सगळा जन्म त्या पट्ट्याच्या खडखडाटात गेला, त्यामुळं दोन गोष्टी झाल्या. मला कमी ऐकू येतं, आणि मी कुजबुजलो तरी ते चौकात ऐकू जातं. शेवंता, म्हणजे माझी बायको, होती तोवर यातलं मला काहीच ठाऊक नव्हतं. लोक बोलायचे, आणि ती माझ्या कानाशी तोंड आणून तेच परत सांगायची. नको ते गाळून सांगायची. मला वाटायचं, आपले कान शाबूत आहेत! मागच्या थंडीत ती गेली, आणि माझे कानपण सोबत घेऊन गेली.

आमची एकुलती एक मुलगी रेखा. अर्थशास्त्रात पीएचडी करत होती. विषय काय, तर सोलापुरात घरोघरी ज्वारी खाणं कमी का होत चाललंय. (हे असं मी आता सांगतो. तेव्हा कुणी विचारलं तर 'पोरगी भाकरीवर डॉक्टर होणार हाय' म्हणायचो.) लग्नाचा विषय काढला की तिचं उत्तर ठरलेलं, "आधी पीएचडी, मग बाकीचं." मी चिडायचो. शेवंता म्हणायची, "करू द्या की तिला. डॉक्टर झालेली बघितल्याबिगर मी कुटं जात न्हाय." गेली की! रेखानं ते लई मनाला लावून घेतलं आणि वेड्यागत लिहीत सुटली.

लिहून लिहून एक दिवस तिनं सोनेरी अक्षरांचं जाडजूड पुस्तक विद्यापीठात नेऊन दिलं. मला वाटलं, झाली पीएचडी! पेठेत पेढे वाटून मोकळा झालो. रेखा मागनं ओरडत होती, "अप्पा, अजून व्हायचीय!" आता एवढं वजनदार पुस्तक लिहिल्यावर आणखी काय व्हायचं राहतं? नंतर तिनं मला नीट समजावलंही असणार. मी मान डोलावली असणार. कमी ऐकू येणारा माणूस मान लई झकास डोलावतो.

पुढं काही महिन्यांनी, रेखा न्हाणीत असताना तिचा फोन वाजला. तिच्या गाईड मॅडमचा, म्हणजे जिच्या हाताखाली ती पीएचडी करायची त्या बाईंचा. मी उचलला.

"काका, आनंदाची बातमी! बाहेरच्या पाहुण्यांना रेखाचं काम फार पसंत पडलंय. गुरुवारी नागपूरहून येतायत!"

मला यातलं 'पाहुणे', 'रेखा', 'पसंत' आणि 'गुरुवार' एवढं ऐकू आलं. तुम्हीच सांगा, या चार शब्दांचा कुठल्याही बापानं काय अर्थ लावला असता?

"तिला म्हणावं साडी नेसून ये," मॅडम म्हणाल्या. "आणि घाबरू नको. नेहमीचेच प्रश्न असतात."

"व्हय व्हय! काय बी विचारा म्हणावं. पोरगी आमची तयार हाय!"

रेखा बाहेर आली. म्हणालो, "मॅडमचा फोन हुता. गुरुवारी पाव्हणे यायलेत. साडी नेस म्हनल्यात." पोरीनं उडीच मारली! पळत जाऊन आईच्या फोटोपुढं उभी राहिली. "आई, आलं गं एकदाचं!" म्हणाली आणि रडायला लागली. मीपण रडलो. दोघं मिळून रडलो, फक्त वेगवेगळ्या कारणानं.

आधी पीएचडी, मग बाकीचं. पीएचडी झाली (पेढे वाटले होते की!), आता बाकीचं. माझा हिशेब असा सरळ होता.

मुलगा काय करतो, हे मी विचारणारच होतो. पण असलं बापानं विचारायचं नसतं, आईनं विचारायचं असतं. फोटोकडं बघितलं. ती काय बोलेना. मग गेलो शेजारी ईरण्णाकडं. त्याचं तेलाचं दुकान, आणि त्याला प्रत्येक गोष्टीतलं कळतं.

"ईरण्णा, बघायचा कार्यक्रम विद्यापीठात असतो काय रे?"

"अय्यो! लोकं हाटेलात करत्यात, मॉलात करत्यात. शिकल्याली माणसं विद्यापीठात करणार की!"

"आन् मधी कोण? कुणीतरी मध्यस्थ लागतो."

"ती मॅडम कशाला हाय मग?"

सगळं जुळलं. तरी खात्री म्हणून रेखाला विचारलं, "मी यिऊ का गुरुवारी?"

"म्हणजे काय अप्पा, यायलाच पाहिजे! खुलं असतं ते. कुणीही येऊन बसू शकतं, प्रश्न विचारू शकतं. फक्त तुम्ही काही विचारू नका हं."

पोरीच्या बापानंच विचारायचं नाही? मला हे तिथंच खटकलं होतं.

गुरुवारी पहाटे उठून कांदेपोहे केले. शेवंता पोहे चाळणीत भिजवायची. मी पातेल्यात भिजवले आणि फोडणीचं सामान शोधत बसलो. झालं ते पोहे म्हणून ओळखू येत होतं, एवढंच. डबा भरला, लग्नातला कोट चढवला, आणि मुलीचा काका म्हणून ईरण्णाला बरोबर घेतलं. रेखा आधीच गेली होती, आईचं इरकल नेसून.

विद्यापीठातला हॉल भरलेला. पुढं टेबल, टेबलावर गुच्छ, नारळ, शाली. हे बघून तर माझी शंभर टक्के खात्री पटली. परीक्षेला नारळ ठेवतात होय? तेवढ्यात पाव्हणे आले. टक्कल, जाड भिंगाचा चष्मा, पोट पुढं.

"मुलाचा बाप दिसतोय," मी म्हणालो.

"आन् मुलगा?"

ईरण्णा दारातल्या शिपायाकडं जाऊन आला, तो तोंड पाडून. "एकटेच आल्यात म्हणं. संगं कुणी न्हाय."

आम्ही एकमेकांकडं बघितलं. मग दोघांनी पाव्हण्यांच्या टकलाकडं बघितलं.

"ईरण्णा," मी कुजबुजलो, "ह्योच हाय की काय नवरदेव?"

पुढच्या तीन रांगा मागं वळल्या!

आता गप्प बसून भागणार नव्हतं. डबा घेतला आणि सरळ पाव्हण्यांच्या पुढं जाऊन उभा राहिलो. मॅडम घाईघाईनं म्हणाल्या, "सर, हे रेखाचे वडील." पाव्हण्यांनी नमस्कार केला. माणूस सभ्य होता. त्यानं त्या पोह्यांचा घास घेतला आणि गिळलासुद्धा.

"घरी कोण कोण असतं?" मी विचारलं.

"सध्या मी एकटाच असतो. बायको पुण्याला नोकरीला आहे."

मला 'एकटाच' एवढं ऐकू आलं.

जाग्यावर येऊन बसलो. माझ्याहून जरा लहान म्हणायचा एवढाच! रेखाला हे पसंत? म्हणून रडत होती काय पोरगी फोटोपुढं? शेवंता असती तर एका शब्दात मोडून काढलं असतं तिनं. आता मलाच बोलायला लागणार होतं.

कार्यक्रम सुरू झाला. रेखा पडद्यावर चित्रं दाखवत बोलायला लागली. मागनं मला कधी 'घर', कधी 'भाकरी' असं ऐकू येत होतं. म्हटलं, चला, स्वयंपाक येतो हे तरी सांगतीय. मग पाव्हणे पुढं वाकले. त्यांचा आवाज खणखणीत होता, त्यामुळं त्यांचं नेमकं ऐकू आलं.

"उत्पन्न एवढं वाढलंय, तर मागणी अजून वाढायला हवी. ती इतकी कमी का?"

मागणी! पहिल्याच भेटीत! तीपण वाढवून!

मी दात-ओठ खात बसलो होतो, तोवर त्यांनी पुढचं विचारलं. "म्हणजे तुमच्या मते ही निकृष्ट ठरते?"

निकृष्ट शब्द मला चांगला माहीत आहे. आमच्या पेठेतल्या गटारीच्या कामावर पेपरात नेहमी येतो. आणि माझी पोरगी काय म्हणाली? मान डोलावून म्हणाली, "हो सर, पुष्कळ घरांत निकृष्टच ठरते!"

मी उठलो.

"ओ पाव्हणं! निकृष्ट कुनाला म्हनताय? वय बघा की आपलं! ह्या वयात बाशिंग बांदायला निगालाय, आन् वर हुंड्याची मागणी वाढवून सांगताय? एक पैसा देनार न्हाय! गिरणी इकनार न्हाय! पोरगी तर मुळीच देनार न्हाय!"

हॉलमध्ये टाचणी पडली असती तर ती मलापण ऐकू आली असती. मॅडमनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. ईरण्णा खुर्चीखाली चप्पल शोधायला लागला, चप्पल पायात असताना. मधल्या खुर्चीवरचे अध्यक्ष म्हणाले, "आपण कोण?"

"माझे वडील आहेत, सर," रेखा म्हणाली. एवढासा आवाज. मग ती तशीच खाली उतरून माझ्याजवळ आली, वाकली, आणि माझ्या कानाशी तोंड आणून अगदी तिच्या आईसारखं बोलली.

"अप्पा, ही पीएचडीची परीक्षा हाय. शेवटची. हे परीक्षक हायत. ह्यांनी हो म्हनलं तरच मी डॉक्टर."

आता जमीन फाटली असती तर मी ईरण्णाला घेऊन आत गेलो असतो. शेवंता जाताना एकच इच्छा मागं ठेवून गेली होती, आणि ती मी कोट घालून येऊन बुडवली होती! "साहेब," मी हात जोडले, "मला ऐकू येत न्हाय. चूक माजी हाय. पोरीला नापास करू नका."

पाव्हण्यांनी चष्मा काढून पुसला, परत घातला. म्हणाले, "खुल्या परीक्षेत श्रोत्यांनी काही विचारलं तर उमेदवारानं उत्तर द्यायचं असतं. यांना मागणीबद्दल शंका आहे. करा दूर."

रेखानं पदर खोचला. माझ्याकडं बघून, मला ऐकू येईल असं मोठ्यानं बोलली.

"अप्पा, मागणी म्हंजे नुसतं मागनं न्हाय. एखादी वस्तू पायजे असनं, ती घ्यायची ऐपत असनं, आन् पैसा सोडायची तयारी असनं, हे तिन्ही मिळून मागणी हुती. तुमी आत्ता म्हनला एक पैसा देनार न्हाय. म्हंजे हितं मागणीच न्हाय!"

हॉल हसला.

"आन् निकृष्ट मला न्हाय, ज्वारीला म्हनलं. वाईट म्हणून न्हवं. हातात पैसा आला की लोकं जी वस्तू कमी घेत्यात, तिला आमच्यात तसं म्हंत्यात."

"कळलं का काका?" पाव्हण्यांनी विचारलं.

"कळलं. पर शब्द बदला राव तो!"

पाव्हणे हसले. "माझे प्रश्न संपले," म्हणाले. "यांना पटवलं, म्हणजे कुणालाही पटवेल ही मुलगी." थोड्या वेळानं अध्यक्षांनी उभं राहून रेखाच्या नावामागं डॉक्टर लावलं. टाळ्या पडल्या. काय म्हणाले ते विचारायला मी सवयीनं डावीकडं वळलो. तिथं ईरण्णा होता. तो डोळे पुसत होता.

घरी येताना रिक्षात रेखा म्हणाली, "अप्पा, आता बघा स्थळं. माझी ना नाही. फक्त बघायच्या कार्यक्रमाला तुम्ही यायचं नाही."

"असं कसं? बाप हाय मी!"

ती हसली, आणि मला वाटलं, विषय मिटला.

परवा एक दिवस गिरणीवर सकाळपासून दळणाची ही गर्दी! डब्यावर डबे. मान वर करायला फुरसत नाही. अंधार पडता पडता घरी आलो तर ताटलीत पेढे. त्या दिवशी घरी पाव्हणे येऊन, रेखाला बघून, जमवून गेले होते! आणि सगळे डबे रेखानंच पेठेत दारोदार फिरून गोळा करून गिरणीवर पाठवले होते. आणि मी शहाणा दिवसभर ईरण्णाला सांगत होतो, "पोरगी डॉक्टर झाल्यापासनं धंदा बघ कसा वाढलाय!"