गॅलरीला दिलेला ढाळ

आमच्या गॅलरीत लिंबू ठेवलं की ते जागेवर राहत नाही. हे मी आधीच सांगून टाकते, कारण घरी येणारा प्रत्येक जण मला हेच सांगतो, जसं काही मला डोळेच नाहीत. दिसतं मला. तो ढाळ मीच द्यायला लावला आहे.

आर्णीत आमचं घर वरच्या मजल्यावर, खाली दुकान, समोर रस्ता, आणि रस्त्याच्या बाजूने ही लांबट गॅलरी. कागदोपत्री ती नवऱ्याच्या नावावर असेल, पण खरी मालकी माझ्या सासूबाईंची. मी त्यांना आत्याबाई म्हणते. सकाळी चहा घेऊन त्या तिथे बसल्या की जेवायलाच आत यायच्या. कोणाकडे पाहुणे आले, कोणाची गाडी किक मारून मारून सुरू होत नाही, कोण कोणाशी बोलत नाही, सगळं त्यांना आधी कळे. खालून जाणारा माणूस मान वर करून "काकू, बरं हाये ना?" विचारल्याशिवाय पुढे सरकत नसे. संध्याकाळी मी शाळेत शिकवून आले की दिवसभराच्या बातम्या मला तयार मिळत.

गेल्या वर्षी भादव्यात त्या तिथेच घसरून पडल्या. जुनी फरशी मधोमध खोल गेली होती. पाऊस थांबून दोन दिवस झाले तरी पाणी साचलेलं असे आणि त्यावर शेवाळ. हाड मोडलं नाही, पण महिनाभर कंबर धरून होत्या. कंबर बरी झाली आणि त्यांनी जाहीर केलं, "आता मी त्या गॅलरीत पाय नाही ठेवत."

आणि खरंच नाही ठेवला. हॉलमध्ये दिवाणावर बसून राहायच्या. रस्त्यावर आवाज आला की मला विचारायच्या, "कोन होय वं?" मी डोकावून सांगायचे, "एक माणूस आहे." त्या माझ्याकडे अशा पाहायच्या की इतकं शिकून मी काय मिळवलं, असं मलाच वाटायचं. हळूहळू त्यांनी विचारणंही सोडलं. बोलकं माणूस गप्प झालं की घर खायला उठतं. मला फार वाईट वाटायचं, आणि मला वाईट वाटलं की राग येतो. म्हणून उन्हाळ्याच्या सुट्टीत मी ठरवलं, ही फरशी उखडायची, पाणी निघून जाईल अशी नवी बसवायची आणि आत्याबाईंना परत बाहेर आणायचं.

देखरेखीला मी नवऱ्याला ठेवलं. ही माझी पहिली चूक. मी दोन दिवस माहेरी नेरला गेले आणि मागे या माणसाने मोबाइलमध्ये सपाटी मोजायचं काहीतरी शोधून काढलं. मोबाइल जमिनीवर ठेवला की तो आकडा दाखवतो. मिस्त्री ढाळ काढायचा, हा मोबाइल ठेवायचा आणि म्हणायचा, "थोडं वाकडं हाये, झिरो नाही आलं." बिचाऱ्या मिस्त्रीने दोनदा समजावलं, शेवटी म्हणाला, "मालक, तुमचं घर, तुमचा मोबाइल." आणि सगळीकडे झिरो करून दिला.

मी आले तर नवरा दारातच उभा. "पाह्य, सूतभर इकडंतिकडं नाही." मी एक बादली पाणी ओतलं. पाणी चारी बाजूंना सारखं पसरलं आणि थांबलं. कठड्याजवळच्या पाइपाकडे एक थेंब वळला नाही. दुपारपर्यंत चिमण्या आंघोळीला येऊन गेल्या. नवरा म्हणाला, "चिमण्यांची सोय झाली." मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही, जेवायला मात्र वाढलं.

मग मी मिस्त्रीला परत बोलावलं आणि काम हातात घेतलं. सुट्टी होतीच. टाइल्स खरखरीत घेतल्या होत्या, त्या जपून काढल्या. मी बादली, लोटा आणि बसायला पाट घेऊन दारात बसले. मिस्त्रीने दोरी बांधली आणि म्हणाला, "मॅडम, कठड्याकडं दोन बोटं ढाळ देतो. लय झाला."

"दोन बोटांत काय होतं? चार द्या."

त्याने चार बोटं धरली. मी लोटा ओतला. पाणी गेलं, पण मला ते रमतगमत गेल्यासारखं वाटलं. भादव्यातलं ते पडणं माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हतं. मी म्हटलं, "अजून."

"मॅडम, तीस वर्षं झाली हे काम करून राह्यलो. यावर मानसाले बसाचं हाये ना?"

"आधी पाणी गेलं पाहिजे. माणसाचं मी पाहते."

त्याने मान हलवली आणि ढाळ सहा बोटांवर नेला. दाराकडची बाजू इतकी वर आली की उंबरठा जेमतेम वाचला. मिस्त्री दिवसभर मान खाली घालून थापी चालवत राहिला. मला वाटलं, पटलं असेल.

सिमेंट वाळल्यावर मी सगळ्यांसमोर बादली रिकामी केली. काय सांगू, पाणी असं पळालं की नवरा चप्पल घालून बाहेर येईपर्यंत फरशी रिकामी. मी शेजारच्या काकूंना हाक मारून पुन्हा एक बादली ओतून दाखवली. त्या म्हणाल्या, "माय बाप्पा, हे तं मान्सालेही घेऊन जाईन." मी हसण्यावारी नेलं.

दुसऱ्या दिवशी लिंबं वाळत घातली. दहा होती, वळून पाहिलं तर नऊ कठड्याशी ओळीने उभी आणि दहावं पाइपाच्या तोंडात. कोरफडीची कुंडी रस्त्याकडे वाकून पाहायला लागली. नवरा तिथे उभा राहून चहा प्यायचा आणि कपातला चहा एका बाजूला गेलेला मला मुद्दाम दाखवायचा. समोरचा किराणावाला एकदा खालून ओरडून म्हणाला, "वहिनी, तुमचं घर पुढं काहून झुकून राह्यलं?" मी त्याला सांगितलं की ही नवी पद्धत आहे, यवतमाळात आता सगळे असंच करतात.

मग मी आत्याबाईंना हात धरून बाहेर आणलं आणि प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलं. खुर्ची खरखरीत टाइल्सवर पक्की होती. आत्याबाई मात्र खुर्चीतून पुढे पुढे येत होत्या. आधी पाठ सुटली, मग अर्धी बैठक सुटली, मग त्यांनी दोन्ही पाय कठड्याला लावले आणि एका हाताने गज पकडला. पाचेक मिनिटं तशाच बसल्या. मी विचारलं, "कसं वाटतंय?" म्हणाल्या, "चांगलं हाये." आणि आत गेल्या. पुढचे आठ दिवस त्या बाहेर आल्याच नाहीत. मी रोज म्हणायचे, चला. त्या म्हणायच्या, आज ऊन लागते, आज वारा हाये, आज कंबर दुखते.

नवव्या दिवशी मी चिडले. "आत्याबाई, तुमच्यासाठी एवढं सगळं केलं, चिमण्यांचं पाणी काढलं, मिस्त्रीशी भांडले, आणि तुम्ही तिथे बसतसुद्धा नाही. काहून?"

त्या दिवाणाच्या चादरीची घडी नीट करत बसल्या. मग म्हणाल्या, "तू लय मेहनत केली बाई, म्हनून मी काई बोलली नाही. पन तिथं बसली की मले वाटते, पानी जसं जाते तशीच मीही जाईन. भेव लागते."

मला अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांना पाण्याचं भय होतं, ते काढायला मी गेले आणि उताराचं भय बसवून आले. वर त्या आठ दिवस माझं मन जपत खोटं बोलत होत्या. मी मोरीत जाऊन थोडी रडले आणि मिस्त्रीला फोन लावला. "तुमचंच बरोबर होतं," म्हटलं. तो म्हणाला, "आवाज नाही आला मॅडम, परत सांगा." मला वाटतं, त्याला ते नीट ऐकून घ्यायचं होतं.

तो आला, गॅलरीत उभा राहिला आणि म्हणाला, "फोडू नका आता. तिसऱ्यांदा फोडली तं टाइल्स वाचत नाही. लाकडाची खुर्ची हाये काय?" हॉलमधली जुनी, हातांची खुर्ची मी आणून दिली. त्याने ती कठड्याकडे तोंड करून ठेवली, पुढच्या पायांखाली टाइल्सचे तुकडे घातले, बसायची पाटी सरळ होईपर्यंत वाढवत गेला, मग तुकडे काढून त्यांची जेवढी उंची झाली होती तेवढे मागचे दोन पाय करवतीने कापले. चारही पायांना सायकलच्या ट्यूबचे बूट घातले. नवऱ्याने लगेच खिशातून मोबाइल काढून खुर्चीवर ठेवला. "झिरो," तो म्हणाला. मिस्त्रीने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. आता ती खुर्ची जगात एकाच जागी सरळ राहते. हॉलमध्ये ठेवली की बसणारा छताकडे पाहत बसतो, हे नवऱ्याने स्वतः बसून तपासलं आहे.

आत्याबाई आल्या. खुर्चीचा हात धरून हळूच बसल्या, पाठ टेकवली. सरकल्या नाहीत. थोडा वेळ तशाच बसून त्या म्हणाल्या, "पानी टाक."

मी लोटाभर ओतलं. "बादली टाक," त्या म्हणाल्या, आणि माझ्या डाव्या हाताचं मनगट घट्ट पकडलं. मी उजव्या हाताने बादली कलती केली. पाणी दारापासून निघालं, त्यांच्या दोन्ही पावलांच्या बाजूने, खुर्चीच्या पायांना वळसा घालून कठड्याकडे गेलं. त्यांची बोटं माझ्या मनगटात रुतली होती. पाणी गेलं, फरशी राहिली, त्या राहिल्या. त्यांनी पाय उचलले नाहीत, पण मनगटही सोडलं नाही. मी तशीच वाकून उभी राहिले.

तेवढ्यात खाली भाजीची गाडी थांबली. गाडीवाल्याने मान वर केली आणि म्हणाला, "अवो काकू, किती दिवसांनी." आत्याबाईंनी त्याच्या टोपलीतल्या कोथिंबिरीवर एक नजर टाकली. सांभाराची जुडी इतकी बारीक कायले बांधली, असं त्यांनी विचारलं, आणि माझं मनगट सोडून दिलं, कारण भाव करायला त्यांना दोन्ही हात लागतात.