मास्तरांची हाक

भाषांतराच्या ऑफिसात मी टायपिंग करते आणि समोरच्या टेबलावर मास्तर नावं करतात. म्हणजे इंग्रजी नावं अरबीत. शिकवलं त्यांनी कुणालाच नाही, पण चेहराच असा की सगळे मास्तर म्हणतात.

नोकरीसाठी, लग्नासाठी तिकडे अरब देशांत जाणारी माणसं येतात. मास्तर मान वर न करता विचारतात, "आवाज ठेवू की अर्थ?" आवाज ठेवला तर पीटरचा बीतर होतो, कारण अरबीत 'प' नाही. पीटर कुरकुरतात आणि जातात. अर्थ ठेवला तर होपची अमल होते, म्हणजे आशाच. अर्थ मागणाऱ्याला मास्तर दाराबाहेरच्या बाकावर बसवतात, दुसरं काम हातात घेतात आणि मध्येच नव्या नावाने हाक मारतात. माणसाने मान वळवली तर शिक्का. नाही वळवली तर, "घरी जा, अंगवळणी पडलं की या." साहेबांनी परोपरीने समजावलं, पण मास्तर ढिम्म.

बायको गेल्यापासून ते सगळ्याच बाबतीत ढिम्म आहेत. डबा खाऊन झाल्यावर काय खाल्लं विचारलं तर सांगता येत नाही.

गेल्या आठवड्यात त्यांची मुलगी आली. ती तिकडे एका शाळेत नोकरी करते, लग्नही तिथेच ठरलंय.

"काय गं, कळवलं नाहीस?"

"कामासाठीच आले, बाबा. लग्नाच्या कागदांसाठी नाव करून हवंय. अर्थ ठेवा."

नाव जॉय. आईने हौसेने ठेवलेलं. त्याचं अरबीत फराह. मास्तरांनी नेहमीच्याच वळणदार अक्षरात लिहिलं आणि तिला बाकावर बसायला सांगितलं. हाकेचं खूळ तिला ठाऊक नव्हतं. ऑफिसबद्दल ते घरी चकार शब्द काढत नाहीत.

ती बाहेर गेल्यावर हळूच मला म्हणाले, "वळायची नाही ती. आईने दिलेलं नाव असं सुटत नाही."

बायकोचं तेवढंच काय ते उरलं होतं, ते त्यांना जाऊ द्यायचं नव्हतं. मला कीव आली आणि रागही आला. मुलीचं लग्न ठरलंय आणि हा बाप तिला नापास करायला टपून बसलाय!

ती बाकावर फोनमध्ये डोकं घालून बसली. मास्तरांनी कुणाचा तरी जन्मदाखला पुरा केला, दुसरा उघडला. मग हाक मारली.

"आले हं!" नाव पुरतं तोंडातून बाहेर पडायच्या आत ती उठलीसुद्धा.

मास्तरांनी मान वर केली. "कधीपासून म्हणतात?"

"तिकडे गेल्यापासूनच. शाळेतली पोरं, यांच्या घरचे, सगळेच."

"आणि आईने ठेवलेलं?"

ती चिडली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं, असं मला वाटलं. "आई गेल्यावर त्या नावाने मला हाक मारलीच कुणी, बाबा? तुमचं आपलं 'काय गं' नि 'ऐकलंस का'."

मी थांबवलेलं टायपिंग पुन्हा सुरू केलं. मास्तरांनी शिक्का मारला, शाई वाळू दिली. कागद देताना त्यांनी तोंड उघडलं, आणि बाहेर पडलं ते एवढंच, "जपून जा गं."