समोरच्याची इस्त्री

भवानी पेठेत आमच्या गल्लीच्या तोंडाशी दोन इस्त्रीवाले समोरासमोर बसतात. त्यातला डावीकडचा माझा. नाव मी कधी विचारलं नाही. कपडा पसरला की तो त्यावरून तळहात फिरवतो, तापलेल्या लेकराच्या कपाळावरून फिरवावा तसा. इतकं करूनही माझ्या शर्टाच्या बाहीवर दोन घड्या पडतातच. समोरच्याला नावं ठेवण्यात मात्र त्याचा हात कोणी धरणार नाही. "कॉलर जाळतोय लेकाचा!"

रविवारी तो चर्चला जातो, इस्त्री तापवत नाही. त्यामुळं शनिवारी उरलेले कपडे स्वतःच उचलून त्याच समोरच्याकडं देऊन येतो. मी एकदा डिवचलं, "गिऱ्हाईक तिकडंच राहिलं तर?"

त्यानं उसासा टाकला. "शेजाऱ्यावर प्रीती कर म्हणून प्रभूनं सांगितलंय. शेजारी निवडू दिला असता तर सोपं गेलं असतं की."

गेल्या रविवारी तो चर्चला निघालेला दिसला. पांढराशुभ्र शर्ट, आणि बाहीवर चक्क एकच घडी!

"ही तुमच्या हातची नव्हे," मी म्हणालो.

त्यानं समोर पाहिलं आणि आवाज खाली आणला. "त्यानंच केलीय. लई झ्याक करतो. पण मी असं म्हणालो, हे त्याला सांगू नका. एवढी प्रीती मला अजून जमंना."