लाकडी मास्तरानं पुकारलेलं नाव

फोन आला तेव्हा सकाळचे अकरा वाजून गेले होते आणि आखाडा बाळापूरच्या आमच्या घरी मी पिशवी भरत होते. दोन गाऊन, टॉवेल, स्टीलचा पेला, मोसंबी, थर्मास... नांदेडच्या दवाखान्यात न्यायच्या वस्तूंची चिठ्ठी हातात होती आणि तीन वस्तूंवर खुणा झाल्या होत्या. पलीकडून हे म्हणाले, "आता काही आणू नको. आमीच घेऊन येऊन राहिलो तिला." मी "बरं" म्हणाले. फोन ठेवला, राहिलेल्या दोन वस्तूही पिशवीत भरल्या, त्यांच्यावरही खुणा केल्या आणि मग चिठ्ठी उलटी करून मागच्या कोऱ्या बाजूवर कुणाकुणाला कळवायचं ती नावं लिहायला घेतली. माझी धाकटी नणंद संगीता पंचविसाव्या वर्षी काविळीनं गेली, त्याला आता सहा आठवडे होतील. सगळं रीतीप्रमाणे पार पडलं. कशात काही कमी पडलं नाही, असं पाहुणे जाताना म्हणाले. दात काढल्यावर बधिर झालेली हिरडी आपण जिभेनं चाचपत राहतो ना, दुखतंय का, कधी दुखणार... तसं माझं सहा आठवडे चाललंय.

मी लग्न होऊन बाळापुरात आले तेव्हा संगी आठ वर्षांची होती. दोन वेण्या, गुडघ्यावर खपली आणि तोंड अखंड चालू. दुसऱ्याच दिवशी चुलीपाशी येऊन तिनं माझी परीक्षा घेतली. "वैनी, तुमी कितवी शिकल्या?" मी म्हटलं, बारावी. "मग भाकरी काहून थापून राहिल्या? शाळेत जाऊन लेकरायला मारा की." तिच्या लेखी शाळा म्हणजे मार. आमच्या गल्लीतल्या सगळ्याच लेकरांच्या लेखी तसं होतं. उशीर झाला तर शिक्षा, पाढा चुकला तर शिक्षा, वही विसरली तर अंगठे धरून उभं राहायची शिक्षा. हा शब्द त्यांना पाठ होता, आणि त्याचा दुसरा काही अर्थ असू शकतो हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं.

रविवारी सकाळी दिल्लीहून लेकरांसाठी बाहुल्यांचा एक हिंदी कार्यक्रम लागायचा. त्यात एक लाकडी मास्तर होता. टक्कल, गोल चष्मा, कधीही न मिटणारे डोळे. बोलताना त्याचा खालचा जबडा खटाखट वरखाली व्हायचा आणि जबडा मिटल्यावरही आवाज क्षणभर येतच राहायचा. कार्यक्रमाच्या शेवटी तो लाल पुठ्ठ्याची जाड वही उघडायचा आणि ज्यांनी पत्रं पाठवली त्या मुलांची नावं गावासकट वाचायचा. मग वही फटकन मिटून एक बोट वर करायचा. "हर बच्चे को शिक्षा मिलेगी... ज़रूर मिलेगी!" आणि हसायचा. आमच्या बैठकीत गल्लीतली दहा-बारा लेकरं दाटीवाटीनं बसलेली असायची. एरवी एकमेकांना चिमटे काढणारी ही पोरं मास्तरानं वही उघडली की चिडीचूप व्हायची. मी दारात तांदूळ निवडत असायचे आणि मला वाटायचं, काय मन लावून बघून राहिली लेकरं! मला हिंदी येत होतं, 'शिक्षा' म्हणजे हिंदीत शिक्षण हे ठाऊक होतं, म्हणूनच माझ्या काही लक्षात आलं नाही.

त्यातच मला एक गोष्ट सुचली. संगीचं नाव टीव्हीवर आलं तर? बाळापुरातल्या कुठल्याच लेकराचं आलेलं नव्हतं. नवीन घरात माझ्यामागं फिरणारं, माझ्याशी बोलणारं ते एकच माणूस होतं, तिच्यासाठी काहीतरी करावं असं वाटलं. एका दुपारी मी पोस्टकार्डावर हिंदीत चार ओळी लिहिल्या, कोपऱ्यात पोपट काढला आणि खाली तिचं नाव, वय, गाव, जिल्हा. हिंगोली तेव्हा वेगळा जिल्हा झालेला नव्हता, म्हणून जिल्हा परभणी. नवी सून दिल्लीला पत्रं धाडते म्हटल्यावर सासूबाईंनी वर्षभर टोमणे मारले असते. म्हणून कुणालाच सांगितलं नाही, ह्यांनाही नाही. ह्यांच्या खिशात ते कामाला होते त्या कारखान्याची पाकिटं टपालात टाकायला दिलेली असायची, त्यांच्यामध्येच कार्ड सरकवलं आणि ह्यांच्या हातून ते न बघता पेटीत पडलं.

पाच-सहा आठवड्यांनी नाव आलं. मास्तरानं चष्म्यावरून बघत एकेक अक्षर तोडून वाचलं, "परभणी ज़िले से... संगीता... उम्र आठ साल." बैठकीत एकच गलका झाला. सासूबाई स्वयंपाकघरातून साखरेचा डबा घेऊन आल्या. मी संगीकडं बघितलं तर ती जागेवर नव्हती. शोधलं तेव्हा मागच्या खोलीत, ज्वारीच्या पोत्यांच्या आड सापडली. फ्रॉकमध्ये तोंड खुपसून रडत होती. मी विचारलं, "काहून रडून राहिलीस? सगळे खुश झाले की." ती म्हणाली, "मी काय बी केलं न्हाई वैनी. खरंच मी काय बी केलं न्हाई." मला वाटलं, पत्र आपण पाठवलं नाही हे ती प्रामाणिकपणे सांगतेय, आणि आता माझं बिंग फुटणार. मी तिच्या तोंडावर हात ठेवला आणि म्हणाले, "गप राहा. कुणाला सांगू नको." आठ वर्षांच्या लेकराला त्याच्या गुन्ह्याची दुसरी खात्री मी तिथं दिली.

त्यानंतर रविवारी संगीचं पोट दुखायला लागलं. टीव्ही सुरू व्हायच्या आधी ती आडाकडं निघून जायची. शाळेत मात्र सुधारली. गृहपाठ दोन-दोनदा लिहायची, घंटेच्या आधी अर्धा तास जाऊन बसायची, तिच्या वहीला कधी शाईचा डाग लागला नाही. गुरुजी ह्यांना बाजारात थांबवून सांगायचे, पोरगी लई शिस्तीची निघाली. मीही माझ्या लेकाला तिचं उदाहरण द्यायचे. दहावीला ती तालुक्यात चमकली, बारावी केली, डी.एड.ला लागली... आम्ही सगळे कौतुक करत राहिलो.

खरा प्रकार कळला तो ती डी.एड.ला असताना, एका दिवाळीत. भाऊबीजेला सगळे जमले होते आणि लहानपणी कशाकशाची भीती वाटायची यावरून हसणं चाललं होतं. गल्लीतला एकजण म्हणाला, "ते लाकडी मास्तर आठवतंय का? सगळ्या लेकरायला शिक्षा देईन म्हणायचं, माझी तर चड्डी ओली व्हायची." आणि घर हसून लोटपोट झालं. मीही हसले. मग संगी म्हणाली, "तुमचं बरंय. माझं तर त्यानं नाव घेतलं होतं. म्या पत्र न्हाई, काही न्हाई, तरी त्याला माझं नाव ठाऊक. गाव बी ठाऊक." हसत हसतच म्हणाली. पण हातातलं करंज्यांचं ताट कुणापुढं न धरता तिनं तसंच खाली ठेवलं. मी तिला आत नेलं आणि म्हटलं, अगं, हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण. "मला माहीत न्हाई काय? डी.एड. करून राहिले मी. अर्थ कळला म्हणून भ्या जात असतंय काय वैनी?" कॉलेजच्या गॅदरिंगला बोलक्या बाहुल्याचा कार्यक्रम होता, त्या वेळी ती दोन तास बाहेर उन्हात उभी होती, हेही तिनं तेव्हाच सांगितलं. आता सांगायला हवं होतं मी. शब्द तोंडाशी आले होते. तेवढ्यात सासूबाईंनी ओवाळणीचं तबक मागितलं. दुसऱ्या दिवशीच्या कामांच्या यादीत मी लिहिलं, 'संगीला पत्राचं सांगणे.' ती सकाळच्या गाडीनं गेली होती. ते काम पुढच्या यादीत उतरवलं. मग त्याच्या पुढच्या.

सिद्धेश्वर धरणाजवळच्या शाळेवर तिची नेमणूक झाली तेव्हा ह्यांनी पेढे वाटले. शाळाशाळांच्या भिंतींवर तेव्हा एका सरकारी योजनेचं नाव मोठ्या अक्षरांत रंगवलेलं असायचं, आणि त्यातही नेमका तोच हिंदीतला शब्द. पहिल्या शनिवारी घरी आली तेव्हा म्हणाली, "वैनी, मास्तर माझ्या आधी जाऊन बसलंय तिथं." पाठ त्या भिंतीकडं होणार नाही अशी तिनं खुर्ची फिरवून घेतली होती. बाकी मजेत होती. धरणावरचे भोई शाळेत मासे आणून द्यायचे, ही शाकाहारी, मग ते मासे हेडमास्तरांच्या घरी जायचे आणि त्यांच्या घरून हिला पिठलं यायचं. हे सगळं ती हातवारे करून सांगायची.

नांदेडच्या दवाखान्यात आम्ही नेलं तेव्हा ती चालत होती. दुपारी तपासणीच्या खोलीबाहेर बाकावर आम्ही दोघीच होतो. एक माणूस दारात आला आणि कागदावरून नावं पुकारायला लागला. गाव, जिल्हा, वय. "संगीता... जिल्हा हिंगोली... वय पंचवीस." तिनं माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी रुतली. "आलं बघा वैनी वहीतलं नाव." मग मी सांगितलं.

"संगी, ते नाव मास्तरानं मनानं घेतलं न्हवतं. पत्र मी टाकलं होतं. तुझ्या नावानं."

तिनं माझ्याकडं बघितलं. डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते. मग हसली. "काहून खोटं बोलून राहिल्या?"

"खोटं न्हाई गं. कोपऱ्यात पोपट काढला होता."

"तुमाला पोपट येतंय काढता?"

"तेव्हा आला होता."

"इतकी वर्सं बोलल्या न्हाई अन् आज सांगून राहिल्या... म्हंजे डॉक्टरनं तुमाला काहीतरी सांगितलं. लेकराला कडू औषध पाजताना सांगतेत तसं सांगू नका वैनी. मी भेत न्हाई."

डॉक्टरांनी मला काहीही सांगितलेलं नव्हतं. मी तसं म्हणाले, पण मनगटावरचा हात सुटला नाही आणि तिचा विश्वासही बसला नाही. माझ्याकडं पुरावा नव्हता. ज्या बाईकडं सतरा वर्षांची सगळी बिलं, पावत्या, लसीकरणाची कार्डं सापडतात, तिच्याकडं त्या एका पोस्टकार्डाचं काहीच नव्हतं. पाचव्या दिवशी मी घरी कपडे आणायला आले. पुढचं सांगून झालंय.

चौथ्या आठवड्यात शाळेतून निरोप आला, बाईंचं सामान आणि कपाटाची किल्ली यांची व्यवस्था लावायची आहे. मी एकटीच गेले. कपाटात जे होतं ते लिहून काढलं, हेडमास्तरांची सही घेतली. वर्गावर तात्पुरते एक तरुण गुरुजी आले होते आणि त्यांचा तो पहिलाच दिवस होता. मी कपाटापाशी असतानाच त्यांनी हजेरीपट उघडला. "अंकुश." कुणी बोललं नाही. "आरती." कुणी नाही. एकोणीस लेकरं त्यांच्याकडं टकामका बघत बसली होती.

"मुकी झालात काय रे?"

पुढच्या ओळीतली एक पोरगी उठली. "गुरुजी, वहीतून नाव न्हाई घ्यायचं. ज्याचं नाव त्यानंच सांगायचं. तुमी नुसतं लिवायचं."

"हे कुणी शिकवलं?"

"बाईनं."

गुरुजींनी माझ्याकडं बघितलं, मग पेन घेतलं. आणि कोपऱ्यापासून सुरू झालं. "अंकुश, आलो." "आरती, आले." "गजानन, आलो." "कैलास न्हाई आला, त्याला ताप हाय." कुणी मोठ्यानं, कुणी लाजत, एकजण दोनदा. कुणाच्या चेहऱ्यावर धसका नव्हता. कैलाससकट वीस नावं संपली, गुरुजींनी हजेरीपट मिटला, तरी लेकरं हाताची घडी घालून थांबलेलीच होती.

"आता काय?"

"बाईचं राह्यलं," तीच पोरगी म्हणाली. "त्या समद्याच्या शेवटी सांगत होत्या."

गुरुजी माझ्याकडं बघायला लागले, मग वर्गही माझ्याकडं बघायला लागला. मी किल्ली टेबलावर ठेवली.

"संगीता," मी म्हणाले.

पुढं 'आली' म्हणायचं की 'न्हाई आली', ते मला ठरवता येईना. लेकरं वाट बघत राहिली.