लिन साहेबांचा राजीनामा

“ताई, हा राजीनामा तेवढा काढून टाका.”

वानखेडेभाऊ माझ्या हातातल्या कागदावर पेनाचं टोक आपटत होते. पाहुणे गेस्ट हाऊसवरून निघाले होते. भोपाळच्या गोविंदपुऱ्यातल्या हॉलमध्ये खुर्च्या मांडून झाल्या होत्या, हार आले होते, आणि यजमानांना ऐन वेळी पाहुण्यांच्या आयुष्यात दुरुस्ती सुचली होती.

“मी कशी काढू? त्यांनी दिलेला आहे तो.”

“दिला असेल हो! पण सत्काराला असं कोणी वाचतं का? शाल द्यायची, श्रीफळ द्यायचं, अन् वर सांगायचं की हे साहेब निवडणूक हरले आणि खुर्ची सोडून घरी गेले? इज्जत काय राहील त्यांची?”

मी दुभाषी आहे. चिनीचं हिंदी करते, हिंदीचं चिनी. माझं माहेर इथल्याच सोनागिरी कॉलनीतलं, वडील शेजारच्या मोठ्या सरकारी कारखान्यात इंजिनिअर. मी चिनी शिकायला घेतलं तेव्हा सगळ्या कॉलनीने विचारलं होतं, भोपाळमध्ये बोलणार कोणाशी? प्रश्न रास्त होता. पण गोविंदपुऱ्यातल्या छोट्या कारखान्यांनी तैवानच्या सीएनसी मशीन घेतल्या आणि माझं बरं चाललं. सीएनसी म्हणजे संगणकाच्या हुकुमावर लोखंड कापणारी मशीन. तैवानमध्ये चिनीच चालते, लिपी तेवढी जुन्या वळणाची.

वानखेडेभाऊ या छोट्या कारखानदारांच्या संघटनेचे अध्यक्ष. मूळ नागपूरचे, राहतात इथेच कोटरा सुल्तानाबादला, आणि माणूस सोन्यासारखा. मशीन बिघडली की दुरुस्तीचा इंजिनिअर बाहेरगावाहून यायचा, म्हणजे यायचाच नाही. तोवर ऑर्डर हातची जायची. म्हणून आजचे पाहुणे, तैवानचे लिन साहेब, यांच्या संस्थेचं प्रशिक्षण केंद्र इथे व्हावं, इथल्याच मुलांनी दुरुस्ती शिकावी, असा भाऊंनी ध्यास घेतला होता. राज्यात केंद्र एकच व्हायचं होतं. आणि दुसऱ्या दिवशी लिन साहेब इंदूरला जाणार होते. इंदूर म्हटलं की भाऊंचं बीपी वाढतं.

लिन साहेब आता संस्था चालवतात, पण जन्म राजकारणात गेला. सुरुवात पक्षाच्या गावातल्या ऑफिसात, पोस्टर चिकटवण्यापासून. मग नगरपरिषद, मग संसद. पुढे पक्षाचे महासचिव. अध्यक्ष व्यासपीठावर भाषण करतो तेव्हा मागच्या खोलीत तिकिटांची भांडणं आणि रुसवेफुगवे निस्तरणारा माणूस म्हणजे महासचिव. मग मंत्री. तिकडे राष्ट्राध्यक्षाला लोक निवडतात आणि पंतप्रधानाला राष्ट्राध्यक्ष नेमतो. त्या मंत्रिमंडळात लिन साहेब उपपंतप्रधानपदापर्यंत पोचले. मग पक्षाचे अध्यक्ष झाले, आणि स्थानिक निवडणुकांत पक्ष सपाटून आपटला.

त्याच संध्याकाळी ते कॅमेऱ्यांसमोर कमरेतून वाकले, लोकांची माफी मागितली आणि अध्यक्षपद सोडलं. तिकडे ही रीतच आहे. आपल्याकडे पक्ष हरला की चिंतन बैठक होते. पुढे काही वर्षांनी पक्षाने त्यांना परत बोलावून त्याच खुर्चीत बसवलं. हे सगळं त्यांच्या ऑफिसने पाठवलेल्या परिचयात सरळ लिहिलं होतं.

भाऊंनी राजीनाम्याची ओळ खोडली आणि वर हिंदीत लिहिलं, ‘उनके कुशल नेतृत्व में पार्टी ने प्रचंड विजय प्राप्त की।’

“भाऊ, हे धडधडीत खोटं आहे.”

“खोटं नाही ताई, सन्मान आहे.”

“त्यांना कळेल ना!”

“ते हिंदी कुठे समजतात? तुम्ही तेवढं वाक्य जरा गोलमोल करा.”

आता माझं डोकं तापलं. “गोलमोल करायचं असेल तर दुसरं माणूस बघा. कागद तुमचा, तुम्ही हवं ते वाचा. जे वाचाल ते मी त्यांना सांगणार. पदरचं घालणार नाही, त्यातलं गाळणारही नाही.”

“बरं बाई, सांगा!” भाऊ म्हणाले आणि साफा सावरत दाराकडे धावले. पाहुणे आले होते.

व्यासपीठावर मी लिन साहेबांच्या खुर्चीमागे बसले. भाषण चालू असताना पाहुण्याच्या कानाशी कुजबुजत भाषांतर करायचं, हा आमच्या धंद्यातला सगळ्यात घाम काढणारा प्रकार. भाऊ खणखणीत आवाजात परिचय वाचत होते. ‘प्रचंड विजय’ आलं. टाळ्या पडल्या. मी ते जसंच्या तसं कानात सांगितलं.

लिन साहेबांचं हसू मावळलं. “कुठली निवडणूक?”

“तुम्ही अध्यक्ष असतानाची.”

“ती? तुम्ही नीट सांगितलंत ना?”

“शब्दशः,” मी म्हटलं. मला लागलंच ते.

 ते हातातल्या शालीची घडी घालत बसले.  गेलं, म्हटलं, केंद्र इंदूरला गेलं. आणि माइकपाशी उभे राहून भाऊ मला खुशाल अंगठा उंचावून दाखवत होते!

मग लिन साहेब बोलायला उठले. ते दोन-चार वाक्यं बोलायचे, थांबायचे, मी हिंदीत सांगायचे.

“आपले आभार,” ते म्हणाले. “आपण मला आज एक निवडणूक जिंकून दिलीत. ती मी हरलो होतो.”

हॉलमध्ये आधी हशा पिकला. मग सगळ्या माना भाऊंकडे वळल्या. भाऊंचा चेहरा साफ्याइतका गुलाबी झाला.

“आमच्याकडे निकालानंतर उघड्या ट्रकवर उभं राहून गल्लोगल्ली मतदारांचे आभार मानतात. जिंकलेला जातो, हरलेल्यानेही जायचं असतं. मी गेलो. हसून हात हलवायचे, आणि आतून मेल्याहून मेल्यासारखं होत होतं. बाजारात एका मासेवालीने ट्रक अडवला. म्हणाली, ‘तुम्ही मंत्री होतात तेव्हा आमच्या गल्लीत आला होतात. आदल्या दिवशी गल्ली धुतली होती. तुम्ही धुतलेली गल्ली बघितलीत, छान म्हणालात आणि गेलात. दुसऱ्या दिवसापासून परत तीच घाण.’ इतकी वर्षं राजकारणात होतो, मला कामाचं बोलणारी ती पहिली बाई. मी ट्रकवरच रडलो.”

हे सांगताना माझाही आवाज कापला. दुभाष्याचा आवाज कापू नये, पण कापला.

“त्या रागावण्यामुळे मी पुन्हा उभा राहिलो. म्हणून माझी हार माझ्याकडेच राहू द्या.” मग ते थेट भाऊंकडे वळले. “सकाळी आपण मला कारखाने दाखवलेत. सगळ्या मशीन चालू होत्या. छान. पण सगळं चालू असेल तर केंद्र कशाला हवंय?”

मी हिंदीत सांगितलं. 

भाऊ उठले. साफा काढून खुर्चीवर ठेवला. “सर, मेरी मशीन बंद पड़ी है,” ते म्हणाले. “दिवाळी से. सुबह आप आए तो उसके आगे हमने स्वागत का फ्लेक्स टांग दिया था. आप ही का फोटो है उस पर.”

मी भाषांतर केलं. लिन साहेब एवढे हसले की त्यांना खाली बसावं लागलं.

त्यानंतर हॉलमध्ये जी झुंबड उडाली, काय सांगू! एकाची मशीन बंद, दुसऱ्याची चालते पण माप चुकवते, तिसऱ्याने भाग उलटा बसवलेला. जो तो आपलं दुखणं घेऊन पुढे. मी एकटी, माझा घसा बसला. आभार प्रदर्शन राहिलं, जेवण गार झालं, आणि उपपंतप्रधान राहिलेला माणूस कोट काढून भाऊंच्या शेडमध्ये स्वतःच्या फोटोची गुंडाळी करत उभा होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही इंदूरला गेलो. तिथे खातिरदारी फर्स्ट क्लास झाली आणि सगळ्या मशीन चालू होत्या.

पुढे त्यांच्या ऑफिसचा फोन मलाच आला. केंद्र भोपाळला. मी भाऊंना कळवलं.  पलीकडून आवाज आला, “ताई, परत सांगा ना.” मी परत सांगितलं. मग ते लहान मुलासारखे रडले, आणि मीही.

केंद्र सुरू झालं आहे. एकच शेड आहे, पण मशीन आता आठवड्याच्या आत उठून उभी राहते.

भाऊंनी मात्र या प्रकरणातून भलताच धडा घेतला. उद्घाटनाला त्यांनी एका स्थानिक पुढाऱ्याला बोलावलं आणि परिचय स्वतः वाचला. सगळी पदं सांगितली, आणि पुढे मोठ्या आदराने, ते कुठली निवडणूक कशी हरले तेही सांगितलं. पुढारी साहेब चहा न घेता गाडीत बसले.

भाऊंनी रात्री मला फोन केला. “ताई, तुम्ही मला सांगितलं नाही की हे फक्त तैवानवाल्यांना चालतं!”

“भाऊ,” मी म्हटलं, “या वेळी कार्यक्रम हिंदीत होता. मला बोलावलंच कुठे होतं तुम्ही?”

तेव्हापासून गोविंदपुऱ्यात पाहुणे मराठी असोत की हिंदी, दुभाषी म्हणून मला बोलावतात.